जिभाऊंच्या वहीतल्या सगळ्यांना

प्रति,
जिभाऊंच्या वहीत ज्यांची नोंद आहे ते सगळे,
नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, आणि बदली होऊन आता जिथे कुठे असाल तिथे.

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं मला माहीत नाहीत, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. जिभाऊंनी तुमच्यापैकी एकाचंही नाव मासळीच्या दुकानातल्या या उधारीच्या वहीत लिहिलेलं नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची ती लांब वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे आणि तिच्यात 'मुंडी नको', 'मुंडी पाहिजे', 'बांगडासाहेब', 'चष्मा कंडक्टर', 'खेकडा मॅडम', 'हसणारी', 'हसणारीचा दीर' अशी माणसं ओळीने उभी आहेत. प्रत्येकापुढे आकडा. एका ओळीत तर नुसतं 'तो' आहे. 'तो', ४६० रुपये. हा 'तो' कोण, ते शोधायला घरातले आम्ही सहा जण एक अख्खी संध्याकाळ बसलो होतो. भांडणं झाली, पण 'तो' सापडला नाही.

मी जिभाऊंची मधली मुलगी. लग्नानंतर जळगावला असते. तिथे एका पतसंस्थेत बारा वर्षं खातेवह्या सांभाळते, त्यामुळे या वहीची मी कायम चेष्टा केली. "जिभाऊ, ही वही ऑडिटला दाखवली तर ऑडिटर नोकरी सोडेल," असं म्हणायचे. ते म्हणायचे, "लिखेल शे ना? मंग." (होय, घरातही आम्ही त्यांना जिभाऊच म्हणायचो. बाबा म्हणायचा प्रयत्न धाकट्या भावाने इंग्रजी शाळेत गेल्यावर चार दिवस केला. जिभाऊ हाकेला ओ देईनात, मग सोडून दिलं.)

जिभाऊ गेल्याची बातमीच ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आखाडातला शेवटचा रविवार होता. श्रावण लागायच्या आधीचा हा रविवार म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळी. रात्रीच आंध्राच्या तळ्यांमधला रोहू-कटला ट्रकने उतरला होता. पहाटे चारला जिभाऊ बर्फाची लादी फोडायला बसले. छातीत कळ आली, घाम फुटला. आखाडातल्या उकाड्यात घाम कोणाला फुटत नाही? गॅस असेल म्हणून त्यांनी ओवा चावला आणि उरलेली अर्धी लादीही फोडून टाकली. सहा वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा वजन करायला हात उचलेना. पहिल्या दवाखान्यात रविवारमुळे ईसीजी काढणारा माणूस नव्हता. दुसऱ्याने धुळ्याला हलवायला सांगितलं. दोंडाईच्याच्या अलीकडेच ॲम्ब्युलन्समध्ये सगळं संपलं. वय ६१. बीपीची गोळी त्यांनी तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या मनाने बंद केली होती, 'आता बरं वाटतंय' म्हणून. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण तुमच्यातले निम्मे जण आत्ता तेच करत असतील.

त्या दिवशी दुकानात ऐंशी किलो मासळी बर्फावर पडून होती. शेजारच्या गाळ्यातले मासळीवाले आमच्याशी सहा वर्षं बोलत नव्हते. भाव पाडण्यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात जिभाऊंचीही चूक होती. त्या माणसाने स्वतःचं दुकान पोराच्या हाती दिलं, आमचं शटर अर्धं वर केलं, दुपारी दोनपर्यंत सगळा माल विकला, आणि मयतीहून परतल्यावर पैसे आईच्या हातात मोजून दिले. पिशवीत एक चिठ्ठीही होती: किती किलो, काय भाव, बर्फ किती, पोराची मजुरी शून्य. आमच्या वहीपेक्षा ती चिठ्ठी जास्त व्यवस्थित होती, हे मला पतसंस्थेची कर्मचारी म्हणून मान्य करावं लागेल.

आता वहीकडे येते. पण वही कळायला धंदा कळायला हवा.

आम्ही भोई. आजोबा तापीत प्रकाशाच्या खालच्या अंगाला जाळं टाकायचे. वाम, मरळ, शिंगाडा, झिंगे, जे मिळेल ते आजी टोपलीत घालून दारोदार विकायची आणि मासळी नसेल तेव्हा घरी फुटाणे भाजायची. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झालं. धरण गुजरातेत, पण फुगवट्याचं पाणी मागे चढत आमच्या नवापूर-नंदुरबार तालुक्यांत आलं आणि गावंच्या गावं उठली. वाहत्या नदीत डोह कुठे, खडक कुठे, कोणत्या नक्षत्रात मासा कुठल्या काठाला येतो हे आजोबांना पाठ होतं. ते सगळं पाठांतर पाण्याखाली गेलं. त्या साचलेल्या पाण्यात कटला-रोहूचं राज्य सुरू झालं. आजोबा म्हणायचे, पूर्वी मी माशाकडे जायचो, आता मासा धरणात आहे आणि धरण ठेकेदाराकडे. जिभाऊ तेव्हा आठ वर्षांचे होते. चौथीनंतर शाळा सुटली.

समुद्राचा मासा आमच्या घरात आला तो रेल्वेतून. सुरत-भुसावळ ही ताप्ती लाईन सव्वाशे वर्षांची. कापूस, मिरची, माणसं सगळं तिच्यावरून जायचं-यायचं, पण नंदुरबारात ताजा पापलेट विकायची कल्पना १९८६ साली एका बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात आली. जिभाऊ संध्याकाळच्या गाडीने सुरतेला जायचे. तिथे वेरावळ, जाफराबादकडचा माल यायचा. पहाटे लिलावातून दोन टोपल्या उचलायचे, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ घ्यायचे आणि मिळेल त्या गाडीने परतायचे. डब्यात कोणी जवळ बसू द्यायचं नाही. दाराशी टोपलीवर बसून यायचे. पहिल्या वर्षी मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेचे लोक आणि दोन बँक मॅनेजर. बाकी गाव येऊन पाहून जायचं. समुद्राचा मासा इथे माहीत होता तो सुका. बोंबील, सुकट, वाकट्या. वांग्यात बोंबील, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कळण्याची भाकरी, याच्या पलीकडे समुद्राकडे आमचं काही काम नव्हतं. ओला बोंबील पाहून एका बाईने विचारलं होतं, "याला काय आजार झालाय?" आजही ओल्या बोंबलाला दाबून पाणी काढल्याशिवाय तव्यावर टाकणारे लोक इथे आहेत, आणि मग तव्यात खिमा झाला की दोष दुकानाला.

कित्येक वर्षं हातगाडीवर काढली, कारण मासळीवाल्याला कोणी गाळा द्यायला तयार नव्हतं. वास येतो म्हणे. आमच्या गावात मिरचीचा हंगाम लागला की पथारींवर लाल गालिचे पसरतात, अख्खं शहर शिंकत असतं, डोळ्यांतून धारा लागतात, पण त्याला वास म्हणत नाहीत, त्याला बाजारपेठ म्हणतात.

मग १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. धुळ्यातून आम्ही वेगळे झालो. पुढाऱ्यांनी भाषणं केली, पेढे वाटले. जिभाऊंच्या दृष्टीने जिल्हा होणं म्हणजे एकच गोष्ट होती: कचेऱ्या येणार, म्हणजे बदलीची माणसं येणार, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडाकडची माणसं येणार, आणि त्यांना मासा लागणार. हा अंदाज त्यांनी कोणत्याही अर्थतज्ज्ञाला न विचारता बांधला आणि तो तंतोतंत खरा ठरला. 'बांगडासाहेब', तुम्ही त्याच काळात आलात. देवगडकडचे, जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीत कारकून. तुम्ही हातगाडीसमोर उभे राहून म्हणाला होतात, "सगळं आहे, बांगडा का नाही?" जिभाऊंनी तोवर बांगडा आणलाच नव्हता. पुढच्या फेरीला गोणपाटात भरून आणला. निम्मा मऊ पडला. तुम्ही तो पाहिलात, पूर्ण पैसे दिलेत, आणि मग अर्धा तास शिकवलंत: खाली बर्फ, मग मासा, मग पुन्हा बर्फ, जेवढा मासा तेवढा बर्फ, आणि पेटीला खाली भोक, म्हणजे वितळलेलं पाणी साचणार नाही. मासा पाण्यात भिजला की गेला. ही गोष्ट जिभाऊ आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की तुमचा चेहरा न पाहताही मला तुम्ही ओळखीचे आहात. तुमच्या नावापुढे १९० रुपये आहेत, साहेब, आणि ती नोंद या वहीतली नाहीच. जुनी वही संपली की येणं बाकी नव्या वहीत उतरायचं, तशी ती उतरत आली आहे. माझा अंदाज असा की जिभाऊंना ते पैसे नकोच होते. पण खोडलं असतं तर तुम्ही वहीतून गेला असता.

माणसाला ते तो काय खातो त्यावरून ओळखायचे. नाव विचारायचे नाहीत, जात तर नाहीच. फोनवर 'मी अमुक बोलतोय' म्हटलं तर गोंधळायचे, आणि 'दोन पापलेट सारखे' म्हटलं की लगेच, "हां हां, बोला." हे 'दोन पापलेट सारखे' म्हणजे, मला आठवतं, एक म्हातारं जोडपं. दोघांच्या ताटात एकसारखा मासा पडायला हवा, नाहीतर घरी बोलणी होतात, असं त्या जोडप्यातले आजोबा म्हणायचे. जिभाऊ त्यांच्यासाठी ढीग उलटापालटा करून जोडी जुळवायचे, जशी बांगड्यांच्या दुकानात जुळवतात. मासा ताजा आहे का, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "माले काय इचारस? त्याना डोयामा दख." डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ला लाल हवा, बोट दाबून उचललं की खड्डा भरून यायला हवा. हे त्यांनी निम्म्या नंदुरबारला शिकवलं आणि मग त्याच लोकांनी त्यांनाच परत पाठवलं. शिकवण्याचा हा तोटा.

गोड बोलायचे नाहीत. घासाघीस केली की सुरा लाकडाच्या ठोकळ्यावर आपटून ठेवायचे आणि चहाला निघून जायचे. पण "आज नेऊ नका" असं सांगणारा दुकानदारही तेच. एप्रिल अर्ध्यावर आला, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे सरकला की बांगडा बंद. "त्याचा भरवसा नही," म्हणायचे. मग १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद, ते ६१ दिवस तळ्याचा मासा आणि सुकी मासळी. गोठवलेला जुना सुरमई ताजा म्हणून काढायची पद्धत बाजारात आहे, ती कशी चालते हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी कधीच केलं नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. एकदा केलं होतं आणि तीन दिवस जेवले नव्हते, एवढं आईकडून ऐकलंय.

आता उधारी. वहीच्या पुढच्या बाजूला ६२ नोंदी आहेत आणि बेरीज १,८६,४०० रुपये. गंधमुक्तीच्या दिवशीच लोक यायला लागले. चष्मा कंडक्टर स्वतः आले, म्हणाले माझे ३४० आहेत. वहीत २८०. आई म्हणाली २८० च द्या. ते म्हणाले, साठचे झिंगे नंतर नेले होते, जिभाऊ लिहायला विसरले असतील. वीस मिनिटं दारात हा वाद. 'हसणारी' आली, ती रडतच आली, त्यामुळे आधी ओळखूच आली नाही. तिच्या दिराचेही तिनेच भरले आणि त्याला सांगू नका म्हणाली. (दीरसाहेब, सांगितलं.) 'मुंडी नको' यांनी पुण्याहून मोबाईलवर पैसे टाकले आणि खाली लिहिलं: आता इथे मुंडी फुकट ठेवून घेतात आणि पैसे पूर्ण लावतात.

सगळेच असे नाहीत. एक शेठ आहेत, महामार्गावर ढाबा चालवतात. दारावर बसायला आले, चहा घेतला, जिभाऊ देवमाणूस होते म्हणाले, आणि जाताना आईला म्हणाले, "आमचा हिशेब दिवाळीतच चुकता झाला होता बरं का, वहीत काही असलं तर जुनं असेल." आई काही बोलली नाही. शेठ, वहीत तुमचं नाव 'सावकाश' असं आहे. 'सावकाश', ३१,००० रुपये, शेवटची नोंद ज्येष्ठातली: चौदा किलो कटला, सहा किलो सुकट, तुमच्या पोऱ्याने अंगठ्याएवढी सही केली आहे. मी तुमचं खरं नाव इथे लिहिणार नाही. पण तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला कळलंय, आणि तुमच्याकडे जेवणाऱ्यांनाही कळेल की तुमच्या पाटीवरचा 'ताजा मासा' कोणाच्या पैशांचा आहे.

बाकीच्यांना मी तगादा लावत नाही. ज्यांना जमेल त्यांनी जमेल तेव्हा द्यावं. ज्यांची परिस्थिती नाही त्यांनी येऊन तसं सांगावं, म्हणजे आम्ही ओळ मारून टाकू. नुसतं तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जाऊ नका. आमचा बाजार एवढासा. दुसरी गल्लीही आमच्याच दुकानावरून जाते.

पण या पत्राचं खरं कारण उधारी नाही.

श्रावणात दुकान बंद होतं. या वर्षी घरात श्रावणातल्या रविवारी बसते ती कानबाई देवीही बसली नाही, रोट झाले नाहीत, त्यामुळे एरवी त्या रविवारी पाय ठेवायला जागा नसते त्या घरात आम्ही चार बायका गप्प बसून होतो. मी बेरजा तपासायला वही घेतली आणि चाळता चाळता ती हातात उलटी आली. मागच्या बाजूने वेगळंच पुस्तक सुरू होत होतं. तिथे अक्षर नाही. चित्रं आहेत. पेनाने काढलेली, लहान मुलाने काढावीत तशी. एक शेळी. आणखी अठरा चित्रं, एकूण एकोणीस. प्रत्येक चित्रापुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी मारलेली, काही रेघांवर फुली. मला वाटलं, नातवाने रंगवलंय. आईने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ये तर बाजारन्या बायास्ना पैसा शेतस." (हे तर बाजारातल्या बायकांचे पैसे आहेत.)

मोलगी-धडगावच्या आठवडे बाजारांना जिभाऊ सुकी मासळी घेऊन जायचे हे तुम्हाला माहीत असेल. देवगोईचा घाट चढून पहाटेच पोचायचे. त्या भागात उन्हाळ्यात आमचूर होतो. बायका कैऱ्या सोलतात, चिरतात, खडकांवर वाळवतात आणि मे-जूनमध्ये बाजारात विकतात. वर्षातला सर्वांत मोठा रोख पैसा तेव्हा हातात येतो आणि घरी पोचेपर्यंत तो निम्मा होतो. कसा, ते सांगायची गरज नाही. पुढे पावसाळा, घाटात दरडी, रस्ता आठ आठ दिवस बंद. म्हणून काही बायकांनी जिभाऊंकडे पैसे ठेवायला सुरुवात केली. शंभर, दोनशे, पाचशे. पावसाळ्यात त्याची सुकट-बोंबील न्यायची, उरलेले होळीला न्यायचे, भोंगऱ्या बाजाराच्या वेळी, ऊसतोडीहून माणसं परत आलेली असतात तेव्हा. बँकेत का नाही? बँक उघडी असते तेव्हा त्या बाजारात बसलेल्या असतात, आणि पासबुक घरात सापडलं की ते ज्याला सापडू नये त्याला सापडतं. एकीने ठेवले, तिने बहिणीला सांगितलं, असं ते वाढत गेलं. आई म्हणते पंधरा वर्षं तरी चालू होतं. आम्हा मुलांना पत्ता नव्हता.

आणि चित्रं का, हेही आईनेच सांगितलं. पुढची पानं जिभाऊ स्वतःसाठी लिहायचे, कोणाला दाखवायचे नाहीत. ही पानं त्या बाईला दाखवायची होती. तिला वाचता येत नाही, मग तिला कसं कळणार की आपले पैसे मांडले आहेत? म्हणून तिनेच सांगायचं, माझ्या खात्यावर काय काढ. ते चित्र तिचं. एक रेघ म्हणजे १०० रुपये. पैसे ठेवले की तिच्यासमोर रेघ, नेले की तिच्यासमोर फुली. ती वही उलटी धरून मोजायची आणि मान हलवायची.

मी बारा वर्षं लोकांना पासबुकं भरून देते. त्यातल्या अर्ध्या लोकांना त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही, आणि ते मला माहीत असतं.

फुली नसलेल्या रेघा मी तीन वेळा मोजल्या. ४१३. म्हणजे ४१,३०० रुपये. ही रक्कम गल्ल्यात नव्हती, बँकेतही वेगळी नव्हती. मग आईने सुकटीच्या डब्यांच्या मागचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले ४१,३०० रुपये होते. एक रुपया इकडचा तिकडे नाही. घरावर कर्ज असताना, धाकट्या भावाच्या फीसाठी व्याजाने पैसे काढले होते त्या वर्षीसुद्धा, त्या डब्याला हात लागला नव्हता असं दिसतं. मी त्यांच्या वहीची चेष्टा करायचे ते वर सांगितलंच आहे.

आता अडचण अशी. या एकोणीस जणी हे पत्र वाचणार नाहीत. त्यांच्याकडे आमचा फोन नाही, एक सोडली तर आमच्याकडे कोणाचं गाव नाही. जिभाऊ बाजारात दिसले नाहीत तर त्यांना वाटेल, माणूस पैसे घेऊन पळाला. त्या विचाराने आईला झोप नाही. जिभाऊंचं एक बोलणं होतं, उधारी बुडाली की म्हणायचे, "पैसा कथा पयी जास?" (पैसा कुठे पळून जातो?) पण ते दुसऱ्यांकडच्या पैशांबद्दल. स्वतःकडच्या पैशांबद्दल ते असं कधी म्हणाले नसते.

तेव्हा वहीच्या पुढच्या पानांवरच्या लोकांनो, तुमच्याकडे माझी मागणी ही आहे. तुमच्यातले कितीतरी जण त्या भागात नोकरीला आहात किंवा होता. शाळांवर मास्तर आहात, नर्सबाई आहात, एसटीवर आहात, जीप चालवता, वनखात्यात आहात. 'खेकडा मॅडम', तुम्ही तर अक्कलकुव्याकडच्या कुठल्या तरी आश्रमशाळेत होता ना? बाजारात, पाड्यावर, दवाखान्याच्या रांगेत एवढा निरोप सांगा: सुक्या मासळीवाले जिभाऊ गेले. पळाले नाहीत, वारले. पैसे आहेत. पोळा झाल्यावर आई आणि मी बाजाराला येणार आहोत, नेहमीच्या जागी, लिंबाखाली, निळी ताडपत्री. आपलं चित्र सांगायचं आणि पैसे किंवा मासळी, जे हवं ते न्यायचं.

चित्रं कोणती ते मी इथे लिहिलेलं नाही. शेळीचं लिहिलं, कारण ते खातं मिटलं: आईला ती एकटीच चेहऱ्याने आठवत होती, तिचा भाचा नंदुरबारात मिस्तरीकाम करतो, त्याच्याकरवी तिला बोलावलं. ती आली. दारात बसली, वही मागितली, उलटी धरली, रेघा मोजल्या. बावीस. पैसे घेतले, त्यातले दोनशे परत आईच्या हातात ठेवले आणि काहीतरी म्हणाली, तिच्या बोलीत. आईला अर्धंमुर्धं कळलं. ते दुखवट्याचे असावेत असं आम्ही समजलो. पण ती खुणेने वही मागत राहिली, बोट दाखवत राहिली. मग माझ्या लक्षात आलं. तिला दोन नव्या रेघा हव्या होत्या.

मी काढल्या. माझा हात पतसंस्थेत एवढा कधी थरथरला नाही.

म्हणजे आता तो डबा आमच्याकडे आला आहे आणि दुकानही चालवावं लागणार आहे. भाऊ पुण्यात कंपनीत आहे, तो येणार नाही आणि त्याने येऊही नये. दुकानावर आई बसेल. कापायला जुनाच माणूस आहे, जिभाऊंपेक्षा साफ कापतो, हे ते असताना म्हणायची सोय नव्हती. मी शनिवारी रात्री जळगावहून येईन, रविवारी गल्ल्यावर असेन. समुद्राचा हंगाम सुरू झालाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. गणपतीचे दहा दिवस माल कमी येईल. भाव फळ्यावर लिहिलेला असेल. घासाघीस केलीत तर आई सुरा आपटणार नाही, ती नुसती बघते. ते जास्त वाईट आहे, हे आम्ही तिघं भावंडं सांगू शकतो.

उधारी मिळेल. फक्त आता नाव विचारीन, राग मानू नका.

शेवटचं एक. जिभाऊंच्या हातची शेवटची नोंद त्या रविवारच्या पहाटेची नाही, आदल्या रात्रीची आहे. 'बाई. सोडे जाड, १ किलो. बयाणा ५००. रवि. संध्या.' कोणती बाई, ते नाही. सोडे त्यांनी बाजूला काढून वर्तमानपत्रात बांधून ठेवले होते, दोऱ्याला दोन गाठी मारून. बाई, तुम्ही त्या संध्याकाळी आला असाल आणि बंद शटर पाहून परत गेला असाल. तुमचे सोडे आहेत. पावसाळी हवेत दमट होतात म्हणून आई चार दिवसांनी एकदा काढून तव्यावर नुसते गरम करते आणि परत डब्यात भरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे, तो मात्र परत आणून द्या.

आपली,
जिभाऊंची मधली मुलगी
नंदुरबार